पाटीवरची शेवटची ओळ

जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केले ते गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या लोकांना. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात शिकत होते, आणि कृष्णवर्णीयांची वस्ती म्हणून ओळखले जाणारे हार्लेम तिथून चालत जाण्याच्या अंतरावर होते. पुढे १९४६ मध्ये त्यांनी कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांकडे गेलेल्या कृष्णवर्णीयांच्या अर्जाची प्रत मागितली. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती नावासकट अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरची आठवण ठेवून. डॉ. म. ना. वानखडे, डॉ. जनार्दन वाघमारे यांच्या लेखनातून तिथले साहित्य मराठीत चर्चेला आले. थोडक्यात, कृष्णवर्णीय अमेरिका मराठी वाचकाला परकी नाही. तिथल्या कादंबऱ्या, कविता, भाषणे, चळवळी यांच्याबद्दल इथे दोन पिढ्या बोलत आल्या आहेत.

पण तिथल्या एखाद्या कृष्णवर्णीय चित्रकाराचे नाव सांगा म्हटले, की आपण अडतो. फार तर बास्कियाचे नाव निघते, तेही लिलावातल्या किमतीमुळे. याचे कारण आपल्या आस्थेच्या कमतरतेत शोधायला नको. पुस्तक टपालाने येते, एकाकडून दुसऱ्याकडे जाते, त्याचे भाषांतर होते. चित्र जिथे टांगले असेल तिथेच राहते. त्या काळातल्या आपल्या नियतकालिकांना आणि अनियतकालिकांना रंगीत छपाई परवडण्यासारखी नव्हती, आणि काळ्या-पांढऱ्या ठशात जेकब लॉरेन्सचे चित्र छापणे म्हणजे ते न छापण्यासारखेच. हे पुस्तक त्या राहून गेलेल्या गोष्टीसाठी आहे.

सबंध कृष्णवर्णीय कलेचा इतिहास सांगण्याचा आव यात नाही. मी एकच संग्रहालय निवडले आहे: वॉशिंग्टनमधले स्मिथसोनियन अमेरिकन आर्ट म्युझियम. कृष्णवर्णीय अमेरिकन कलाकारांच्या कृतींचा इतका मोठा आणि इतका जुना संग्रह असलेली संग्रहालये फार नाहीत. एकाच छपराखाली राहून पाहण्याचा एक फायदा असा, की कृतींबरोबर त्या तिथे कशा आल्या हेही पाहता येते. संग्रहालयात प्रत्येक कृतीशेजारी एक लहान पाटी असते. कलाकाराचे नाव, जन्म-मृत्यूची साले, कृतीचे नाव, माध्यम; आणि अगदी खाली, बारीक अक्षरात, ती वस्तू संग्रहालयाला कशी मिळाली ते. अमक्याची देणगी, तमक्याच्या मृत्युपत्रानुसार, किंवा अमुक निधीतून खरेदी. ही शेवटची ओळ सहसा कोणी वाचत नाही. या पुस्तकातला बराचसा मजकूर त्या ओळीतून निघाला आहे.

इमारतीपासूनच सुरुवात करायला हवी. हे संग्रहालय १९६८ पासून ज्या वास्तूत आहे ती मुळात अमेरिकेच्या पेटंट कार्यालयासाठी बांधलेली. यादवी युद्धात इथे जखमी सैनिकांचे रुग्णालय होते. कवी वॉल्ट व्हिटमन त्यांच्या शुश्रूषेला येत असे. १८६५ मध्ये लिंकनच्या दुसऱ्या शपथविधीनंतरचा नाचाचा समारंभ याच दालनांत झाला. मार्गदर्शक हे सगळे रंगवून सांगतात. त्याच इमारतीतल्या कार्यालयासाठी १८५८ मध्ये सरकारच्या महाधिवक्त्याने एक निर्णय दिला होता, तो मात्र क्वचित सांगितला जातो. गुलामाने लावलेल्या शोधाला पेटंट मिळू शकत नाही, असा तो निर्णय. गुलाम नागरिक नाही, म्हणून त्याला मिळणार नाही. आणि शोध मालकाने लावलेला नाही, म्हणून मालकालाही नाही. म्हणजे शोध लागला, पण कायद्याच्या लेखी तो कोणीच लावला नाही. ज्यांच्या कल्पनाशक्तीला या वास्तूत कागदोपत्री अस्तित्व नव्हते, त्यांच्या नातवंडा-पतवंडांची चित्रे आज तिथल्या भिंतींवर आहेत. यात काव्यगत न्याय पाहून कोणी समाधान मानू नये. मधली शंभर वर्षे कशी गेली ते पाहावे.

ते पाहायला एडमोनिया लुईसच्या ‘क्लिओपात्राचा मृत्यू’ या शिल्पाइतके चांगले उदाहरण नाही. लुईसचा जन्म १८४४च्या सुमाराचा. वडील कृष्णवर्णीय, आई ओजिब्वे आदिवासी. ओबर्लिन कॉलेजात असताना दोन गोऱ्या मैत्रिणींना विष दिल्याचा आळ तिच्यावर आला, जमावाने तिला मारून शेतात टाकले, आणि खटल्यात ती निर्दोष ठरली. पुढे बॉस्टनमध्ये तिने पुतळ्यांच्या प्रती विकून पैसे जमवले आणि रोम गाठले. रोममधले बहुतेक परदेशी शिल्पकार मातीचा नमुना करून देत आणि संगमरवर इटालियन कारागिरांकडून कोरून घेत. लुईस शक्यतो स्वतः कोरी. काम हिचे नाहीच, असे म्हणायला कोणाला जागा मिळू नये म्हणून.

सव्वा टनाहून जड असलेली ही क्लिओपात्रा १८७६ मध्ये फिलाडेल्फियाच्या शतसांवत्सरिक प्रदर्शनात मांडली गेली. लोकांनी गर्दी केली, समीक्षकांत वाद झाला, विकत मात्र कोणी घेतली नाही. दोन वर्षांनी ती शिकागोच्या प्रदर्शनात गेली, तिथेही गिऱ्हाईक नाही. जहाजाने परत नेण्याचा खर्च झेपणारा नसावा; शिल्प तिथेच राहिले. मग ते शिकागोतल्या एका दारूच्या गुत्त्यात उभे होते. तिथून ते एका जुगाऱ्याने घेतले. त्याची घोड्यांची शर्यत चालायची आणि त्याच्या लाडक्या घोडीचे नाव होते क्लिओपात्रा. ती मेली तेव्हा शर्यतीच्या मैदानात तिच्या थडग्यावर त्याने ही राणी बसवली. पुढे मैदान गेले, गोल्फचे मैदान आले, दुसऱ्या महायुद्धात तिथे टॉर्पेडोचा कारखाना आला, त्यानंतर टपालखाते. प्रत्येक वेळी घोडीच्या थडग्यावरची राणी ऊन-पाऊस-बर्फ खात जागच्या जागी. १९७०च्या दशकात तिला उचलून एका ठेकेदाराच्या आवारात टाकले. तिथे एका अग्निशमन निरीक्षकाची नजर पडली, आणि बालवीर पथकातल्या मुलांनी चांगल्या हेतूने तिला रंग फासला. अखेर फॉरेस्ट पार्क या उपनगरातल्या स्थानिक इतिहास मंडळाने तिची ओळख पटवून घेतली आणि १९९४ मध्ये ती स्मिथसोनियनला दिली. पाटीवरची शेवटची ओळ: देणगी, फॉरेस्ट पार्क इतिहास मंडळ.

ही कथा इतकी चटकदार आहे, की शिल्प पाहायचेच राहून जाते. मला त्याचीच भीती वाटते. त्या काळी क्लिओपात्रा हा अनेकांचा आवडता विषय होता, पण बहुतेकांची क्लिओपात्रा मरणाचा विचार करत बसलेली असे: चेहऱ्यावर गांभीर्य, पोशाखाच्या चुण्या नीटनेटक्या. लुईसची क्लिओपात्रा मेलेली आहे. मान मागे एका बाजूला कलंडली आहे, डावा हात सिंहासनाबाहेर लोंबतो आहे, अंगातला तोल सुटला आहे. सिंहासन ताठ, सममित, राजेशाही. आणि त्यावरचे शरीर सैल पडलेले. १८७६च्या प्रेक्षकाला हे बीभत्स वाटले, कारण संगमरवरातले मरण सुंदर असले पाहिजे असा संकेत होता. आणखी एक गोष्ट आजच्या पाहणाऱ्याला खटकते. कृष्णवर्णीय शिल्पकर्तीने आफ्रिकेतली राणी घडवली, म्हणजे चेहरा आफ्रिकी असणार असे आपण धरून चालतो. तो तसा नाही. नाकाची ठेवण जुन्या नाण्यांवरच्या क्लिओपात्राशी जुळणारी आहे. तिने इतिहासातला पुरावा पाहिला आणि त्याप्रमाणे केले. तिच्याकडून आपल्याला हवा असलेला संदेश ती देत नाही, हे मला या शिल्पाचे बळ वाटते.

शिल्पकर्ती ऑगस्टा सॅव्हेजबद्दल पुढे स्वतंत्र लेख आहे, म्हणून इथे थोडेच. तिचा ‘गॅमिन’, म्हणजे रस्त्यावरचा टोपी घातलेला पोरगा, १९२९च्या आसपासचा; या संग्रहातली प्रत वीतभर उंचीची आहे. दुरून ब्राँझ वाटते; आहे रंग दिलेले प्लॅस्टर. ब्राँझ ओतायला पैसे लागतात. १९३९च्या न्यूयॉर्क जागतिक मेळ्यासाठी तिने केलेले ‘द हार्प’ सोळा फूट उंचीचे होते, गाणाऱ्या मुलांची रांग म्हणजे वीणेच्या तारा. तेही प्लॅस्टरचेच. मेळा संपला, ओतकामाला पैसे नव्हते, शिल्प फोडून टाकले. त्याच्या लहान स्मरणप्रती आणि छायाचित्रे आहेत, मूळ शिल्प नाही. कोणत्याही संग्रहाबद्दल बोलताना जे त्यात येऊच शकले नाही त्याची मोजदाद करता येत नाही. निदान ‘द हार्प’ डोळ्यांपुढे ठेवावे.

विल्यम एच. जॉन्सन हा माझ्या मते या संग्रहाचा कणा आहे. १९०१ मध्ये साउथ कॅरोलायनातल्या फ्लॉरेन्स गावी जन्म, वयाच्या सतराव्या वर्षी न्यूयॉर्क, तिथल्या नॅशनल अकॅडमीत शिक्षण, मग पॅरिस. होल्खा क्राके या डॅनिश विणकर कलावतीशी लग्न करून तो डेन्मार्कमधल्या केर्टेमिंडे या मच्छीमारांच्या गावी राहिला. तिथली त्याची निसर्गचित्रे जाड रंगाची, वादळी, हातात ब्रश न मावणाऱ्या माणसाने काढल्यासारखी. १९३८ मध्ये युरोपवर युद्धाचे ढग असताना दोघे अमेरिकेत आले आणि त्याच्या चित्राने कूस बदलली. खोली गेली, छायाप्रकाश गेला; सपाट रंग, कापून काढल्यासारख्या आकृत्या, मोठाले हात, मोठाली पावले. ‘गोइंग टू चर्च’मध्ये बैलगाडीतून प्रार्थनेला निघालेले कुटुंब आहे आणि मागे रंगांचे पट्टे. ते गोणपाटावर काढले आहे, आणि रंगाखालून त्याची खरबरीत वीण दिसते.

हे भाबडे चित्र नव्हे, हे जरा ठासून सांगायला हवे. अकॅडमीत बक्षिसे मिळवलेला, सुतीन आणि व्हॅन गॉग पचवलेला माणूस आपले शिक्षण बाजूला ठेवून गावाकडच्या माणसांसाठी नवी भाषा तयार करतो आहे. जामिनी रॉय यांनी तैलरंगातली व्यक्तिचित्रे सोडून पटचित्रांची वाट धरली, त्याच काळातली ही गोष्ट आहे. दोघांचा एकमेकांशी संबंध नव्हता. पण रॉय यांना आपण कधी भाबडे म्हणत नाही, तर जॉन्सनलाही म्हणू नये. १९४५च्या सुमारास त्याने स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्यांची मालिका पुठ्ठ्यावर काढली. त्यात हॅरिएट टबमन आहे, जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर आहे, मेरियन अँडरसन आहे, आणि महात्मा गांधीही आहेत. भारत अजून स्वतंत्र व्हायचा होता.

१९४४ मध्ये होल्खा कर्करोगाने गेली. १९४७ मध्ये जॉन्सनला मनोरुग्णालयात ठेवावे लागले, आणि १९७० मध्ये मरेपर्यंत तो तिथेच होता. त्याच्या आयुष्यभराच्या कामाचे गठ्ठे गोदामात पडले होते. भाडे भरायला कोणी नाही म्हणून ते टाकून देण्याची वेळ आली. हार्मन फाउंडेशन या संस्थेने ते वाचवले, आणि १९६७ मध्ये स्वतःचे काम गुंडाळताना हजारांहून अधिक चित्रे या संग्रहालयाला दिली. पुन्हा देणगी.

जेम्स हॅम्प्टनचे प्रकरण तर याहून विलक्षण. तो वॉशिंग्टनमधल्या सरकारी इमारतींत रात्रपाळीचा झाडूवाला होता. भाड्याच्या एका गॅरेजमध्ये सुमारे चौदा वर्षे त्याने एकट्याने एक सिंहासन आणि त्याभोवतीची आसने, वेदिका, मुकुट असे १८० नग तयार केले. जुने फर्निचर, पुठ्ठा, जळालेले दिवे, जॅमच्या बरण्या, आणि सगळ्यावर सोनेरी-रुपेरी बेगड. मराठी माणसाला पाहताक्षणी मखर आठवेल, आणि आठवू द्यावे. बेगडीने साध्या पुठ्ठ्याला देवत्व येते हे आपल्याला कोणी शिकवायला नको. हॅम्प्टनला येशूच्या पुनरागमनाची तयारी करायची होती. त्याच्या वहीत स्वतः बनवलेल्या लिपीतला मजकूर आहे, तो आजवर कोणाला लागलेला नाही. १९६४ मध्ये तो वारला तेव्हा गॅरेजच्या मालकाने दार उघडले आणि आत हे लखलखते होते. संग्रहालयाकडे ते अनाम दात्यांनी दिले. हॅम्प्टन स्वतःला कलाकार म्हणत होता असे दिसत नाही. मग ही कला की पूजासाहित्य, असा वाद अभ्यासक घालतात. मला तो निरर्थक वाटतो. कैलास लेणे खोदणाऱ्यांनाही हा प्रश्न कोणी विचारला नव्हता.

एका ठिकाणी मी घातलेले कुंपण मोडले आहे. जेकब लॉरेन्सची ‘मायग्रेशन’ मालिका या संग्रहालयात नाही. तिची साठ चित्रे दोन संस्थांत विभागली आहेत: विषम क्रमांकांची तीस वॉशिंग्टनमधल्याच फिलिप्स कलेक्शनकडे, सम क्रमांकांची न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टकडे. दक्षिणेतून उत्तरेकडे, शेतातून कारखान्यांकडे निघालेल्या लाखो कृष्णवर्णीयांची ही कथा लॉरेन्सने १९४१ मध्ये पुरी केली तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता. त्याची काम करण्याची रीत लक्षात ठेवण्यासारखी आहे. साठही फळ्या एकदम मांडायच्या, एक रंग घ्यायचा, तो जिथे जिथे लागणार त्या सगळ्या चित्रांत लावायचा, मग पुढचा रंग. म्हणून तोच पिवळा, तोच हिरवा, तोच विटकरी तांबडा पहिल्या चित्रापासून साठाव्यापर्यंत चालत राहतो. गर्दी चालते, तसा रंगही चालतो. मालिकेचे दोन तुकडे करणे ही संग्रहकांची चूकच झाली असे माझे मत आहे. पण या दोन संस्थांनी आपापला अर्धा भाग १९४२ मध्येच घेतला, तेव्हा बाकीची मोठी संग्रहालये झोपेत होती, हेही खरे.

ती झोप किती गाढ होती याचा दाखला १९६९चा. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने हार्लेमवर प्रचंड प्रदर्शन भरवले: छायाचित्रे, ध्वनिमुद्रणे, वृत्तपत्रांची कात्रणे. हार्लेमच्या चित्रकारांचे एकही चित्र नाही, शिल्पकारांचे एकही शिल्प नाही. चित्रकार बेनी अँड्र्यूज आणि त्याचे सहकारी दाराबाहेर फलक घेऊन उभे राहिले. वस्ती दाखवायची, पण वस्तीने जे निर्माण केले ते नाही, ही दृष्टी आपल्याला अनोळखी नाही. १९७६ मध्ये कलाभ्यासक डेव्हिड ड्रिस्केल यांनी लॉस एंजेलिसमध्ये दोन शतकांच्या कृष्णवर्णीय कलेचे प्रदर्शन मांडले आणि हा इतिहास नाहीच असे म्हणण्याची सोय संपवली.

आता अल्मा थॉमस. या बाईंसाठी हे पुस्तक लिहायला घेतले असे म्हटले तरी चालेल. वॉशिंग्टनच्या एका शाळेत पस्तीस वर्षे चित्रकला शिकवून १९६० मध्ये निवृत्त झाल्या, आणि खरे चित्रकार म्हणून काम त्यानंतर सुरू झाले. संधिवाताने हात आखडलेले. घराबाहेरच्या झाडाची पाने खिडकीतून हलताना दिसायची, त्यातून रंगांच्या लहान लहान ठोकळ्यांची त्यांची रचना आली. १९७०च्या ‘द इक्लिप्स’मध्ये गडद वर्तुळाभोवती रंगांची कडी पसरत जातात, चांद्रमोहिमांवरही त्यांनी चित्रे काढली. १९७२ मध्ये, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियममध्ये त्यांचे एकल प्रदर्शन झाले. तिथे हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री. लहानपणी जॉर्जियात संग्रहालयाची पायरी चढायलाही त्यांना बंदी होती.

त्यांच्या चित्रांत साखळदंड नाहीत, आक्रोश नाही. त्यावरून त्यांना टोमणे ऐकावे लागले. पण वेदनेखेरीज दुसरे काही दाखवण्याची मुभाच ठेवायची नाही, हीही सक्तीच. दलित साहित्याच्या वाचकाला हा वाद चांगला ठाऊक आहे. सॅम गिलियमने कॅनव्हास चौकटीतून सोडवला आणि छतापासून पडद्यासारखा सोडला, त्यालाही हेच ऐकावे लागले. या कलाकारांची कणव करणे सोपे आहे. त्यांचा पिवळा रंग तिथेच का, वर्तुळ मध्यभागी का नाही, कापडाला घडी कुठे पडते, हे विचारणे कष्टाचे आहे, आणि तो खरा आदर आहे. पुढच्या लेखांत मी तो प्रयत्न केला आहे. कुठे चरित्र जास्त झाले असेल तर वाचकाने ती पाने ओलांडून चित्राकडे जावे.

राहता राहिली ती शेवटची ओळ. क्लिओपात्रा, गॅमिन, जॉन्सन, हॅम्प्टन, थॉमसबाईंची कितीतरी चित्रे: सगळ्यांखाली देणगी किंवा मृत्युपत्र. संग्रहालय या कृतींच्या शोधात गेले नाही. कोणीतरी त्या दारापर्यंत आणून पोहोचवल्या. अलीकडच्या पाट्यांवर खरेदी दिसू लागली आहे, उदाहरणार्थ केरी जेम्स मार्शलचे २००३ चे ‘एस.ओ.बी., एस.ओ.बी.’. दरम्यान बाजार पुढे गेला. मार्शलचे ‘पास्ट टाइम्स’ शिकागोच्या एका सार्वजनिक संस्थेने १९९७ मध्ये २५ हजार डॉलरना घेतले होते. २०१८ मध्ये तिने ते लिलावात काढले आणि २ कोटी ११ लाख डॉलर मिळवले. जे सार्वजनिक भिंतीवर होते ते खासगी भिंतीवर गेले. स्वस्त होते तेव्हा घेतले नाही, आता घ्यायला पैसे पुरत नाहीत, अशी कित्येक संग्रहालयांची गत आहे, आणि तिची जबाबदारी त्यांचीच आहे.

पुस्तकातली छपाई शक्य तितकी चांगली केली आहे, तरी हॅम्प्टनची बेगड कागदावर उतरत नाही. व्हर्जिनिया-मेरिलँडकडे लेकी-सुनांकडे जाणारे वाचक आता पुष्कळ आहेत. त्यांना विनंती, की व्हाइट हाउस आणि अंतराळ संग्रहालय झाल्यावर एक दुपार इथेही काढावी. याच इमारतीतल्या राष्ट्रीय व्यक्तिचित्र संग्रहालयाकडे अनेकांना ओढणारे मिशेल ओबामांचे एमी शेराल्डने काढलेले व्यक्तिचित्र तिथल्या संग्रहात आहे. ते बघाच, पण तेवढ्यावर परत फिरू नका. कृती अधूनमधून भांडारात जातात, म्हणून काय मांडले आहे ते आधी संकेतस्थळावर पाहून घ्यावे. संग्रहालय साडेअकराला उघडते, संध्याकाळी सातला बंद होते, आणि प्रवेशाला पैसे पडत नाहीत.